बीपीच्या गोळ्या चालू असताना कोकम आगळ आणि डाळिंबाचा रस?

प्रश्न – सुगरण_चिपळूण

सासरे, वय 64. सकाळी बीपीसाठी टेल्मिसार्टन 40 आणि अॅम्लोडिपिन 5, रात्री कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्वास्टॅटिन 10. बीपी 140/88 च्या आसपास, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) नॉर्मल, मधुमेह नाही. आता त्यांच्या मनाने घेतलंय की सकाळी 30 मिली कोकम आगळ पाण्यातून आणि संध्याकाळी पेलाभर डाळिंबाचा रस घ्यायचा. शेजाऱ्यांनी कोकम अर्काच्या कॅप्सूलही सुचवल्यात. यातलं कशाने खरंच बीपी उतरतं? गोळ्यांबरोबर काय चालत नाही?

रातांबा

आधी आगळ बंद करा. आगळ म्हणजे रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालींना मीठ लावून सुटलेला रस. किलोभर सालींना 150-200 ग्रॅम मीठ सहज जातं, कमी पडलं तर आगळ फसफसतं आणि वर बुरशी धरते. बाटलीवर सोडियमचा आकडा असेल तर त्याला 2.5 ने गुणा, ते झालं मीठ. समजा 100 मिलीत 5 ग्रॅम सोडियम असेल तर मीठ 12.5 ग्रॅम, म्हणजे 30 मिलीत पावणेचार ग्रॅम. दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम. भाजी-आमटी अजून बाकीच आहे!

कोकमच हवं असेल तर बिनमिठाची आमसुलं आणा (चाखून घ्या, बऱ्याच ठिकाणी मीठ लावूनच वाळवतात). 6-7 आमसुलं 2 पेले पाण्यात चारेक तास भिजत घाला, कुस्करून गाळा, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. सैंधव घालू नका, तेही मीठच. आणि 'लो सोडियम' मीठ तर नकोच: त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं आणि टेल्मिसार्टनमुळे शरीरातलं पोटॅशियम आधीच साठायला बघतं.

हे सगळं चवीसाठी. कोकमाने माणसाचं बीपी उतरतं, असं म्हणण्याजोगा पुरावा नाही. प्रयोग झालेत ते बहुतेक उंदरांवर आणि परीक्षानळीत.

दाणेदार

डाळिंबाचं पारडं जरा जड आहे. 2017 साली आठ लहान चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात वरचं बीपी सरासरी 5 ने आणि खालचं 2 ने कमी आढळलं. पण चाचण्या छोट्या. त्या मानाने 1997 च्या डॅश आहाराच्या चाचणीत फळं, भाज्या, कमी चरबीचं दूध असा पूर्ण आहार होता आणि ज्यांचं बीपी मुळात जास्त होतं त्यांचं वरचं 11 ने उतरलं. एका फळाच्या रसापेक्षा अख्खं ताट बदलणं केव्हाही भारी.

200 मिली रसात साधारण 25 ग्रॅम साखर आणि 400 मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम. त्यापेक्षा वाटीभर दाणे चावून खावेत, चोथा पोटात जातो. मूत्रपिंड ठीक आहे म्हणून इतकं चालेल. तरी पुढच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिनबरोबर पोटॅशियमही बघून घ्या. ते 5 च्या वर गेलं तर डाळिंब, शहाळं, केळं सगळ्यावरच डॉक्टरांशी बोलावं लागेल.

गोळीवाला

एक राहिलं: पपनस आणि ग्रेपफ्रूट. आतड्यातलं एक विकर (एन्झाइम) काही औषधं रक्तात जाण्याआधीच मोडतं. ही फळं त्या विकरालाच निकामी करतात, मग तीच गोळी जास्त मात्रेत अंगी लागते. 1989 मध्ये कॅनडात फेलोडिपिन या बीपीच्या औषधावर काम करताना हे ध्यानात आलं, तेही योगायोगाने: दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. 'गोळी रात्री, फळ सकाळी' ही युक्ती चालत नाही, कारण विकर नव्याने तयार व्हायला दोन-तीन दिवस जातात. अॅटोर्वास्टॅटिन या यादीत येतं, अॅम्लोडिपिनवर परिणाम किरकोळ. मोसंबी आणि नागपुरी संत्रं खुशाल खा.

कॅप्सूलना माझा साफ नकार. कोकमाच्या जातीतल्या गार्सिनिया कंबोजियाच्या वजन घटवायच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. दोन्हीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं, आणि अॅटोर्वास्टॅटिन चालू असताना यकृताशी खेळ कशाला.

रातांबा

आणि ते 140/88 कुणी, कधी मोजलं? घरी दंडाचं यंत्र वापरा, मनगटाचं नको. चहा आणि तंबाखूनंतर अर्धा तास थांबून, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, दंड छातीच्या पातळीत. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा वर दिसतो. सकाळी गोळीआधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, असं 7 दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरची सरासरी 135/85 च्या वर आली तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे, मात्रा ते ठरवतील.

सुगरण_चिपळूण

आगळाची बाटली सोलकढीसाठी ठेवली. आवळ्याचा रस चालेल का?

गोळीवाला

20 मिली, पाणी घालून, नंतर चूळ भरायची. आम्लाने दात झिजतात. रक्ताच्या गुठळ्या टाळणारं क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन चालू झालं तर मात्र आधी विचारा. आणि सोलकढीत आगळ घातलं की वेगळं मीठ टाकू नका.