मदत हवी आहे: डोक्यातला मेनिंजिओमा फुप्फुसात उतरू शकतो का?

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातून लिहितोय. आईबद्दल (वय ६१) विचारायचंय, जरा लांबण लागेल.

२०१७ साली आईच्या डोक्यातली गाठ काढली. मेनिंजिओमा, ग्रेड १ (तीन ग्रेडपैकी सगळ्यात सौम्य). "कॅन्सर नाही, मेंदूवरच्या आवरणाची गाठ आहे, काढली की संपलं," असं सांगितलं होतं. आम्ही गल्लीत पेढे वाटले. २०२२ मध्ये त्याच जागी परत आली. टाळूखालून जी मोठी शीर जाते तिला चिकटलेली, म्हणून थोडी आत राहिली. या वेळी रिपोर्टवर ग्रेड २. मग विजेचे (रेडिएशनचे) ३० शेक झाले.

आता दिवाळीपासून खोकला. कापूस वेचणीची धूळ असेल म्हणून आम्ही महिनाभर हळद-दुधावर काढला (चूक आमचीच). जळगावला सीटी केला तर दोन्ही फुप्फुसांत मिळून तीन गोल गाठी, सगळ्यात मोठी २ सेंटीमीटर. छातीच्या डॉक्टरांना टीबीची शंका, पण थुंकीत काही निघालं नाही. डोक्याचे डॉक्टर म्हणतात, मेनिंजिओमा बाहेर जात नाही. मी वाचलं की जातो, पण हजारात एखाद्याचाच, आणि गेला तर बहुतेक वेळा फुप्फुसातच. दोघांत खरं काय धरू?

आईला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. पण ती हुशार. काल सीटीची फिल्म उजेडात धरून बघत होती, मग म्हणे, "डोकामाधली गाठ छातीमा कशी उनी रे?" मी म्हटलं, तसं काही नाही. ती पदर सारखा करून चुलीकडे गेली.

कुणाच्या घरी असं झालंय का? पुढची तपासणी कोणती करावी? मुंबईला न्यायचं तर केळीची कटाई सोडून निघेन, पण आधी काय कागद जमवू?

प्रतिसाद, भुसावळकर:

भाऊ, डोक्याचे डॉक्टर आणि तुम्ही वाचलेलं, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. मेनिंजिओमा सहसा बाहेर जात नाही. पण ग्रेड २-३, परत आलेली गाठ आणि मोठ्या शिरेत घुसलेली गाठ, अशा वेळी पेशी रक्तातून छातीत पोचल्याची उदाहरणं आहेत, तीही पहिल्या ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी. माझ्या मावशीचं असंच होतं, म्हणून एवढं ठाऊक.

नुसत्या सीटीवरून कुणीच ठरवू शकत नाही. टीबी, फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर, सगळंच गोल दिसतं. सीटीत बघून सुईने तुकडा घेतात, ती बायोप्सी करून घ्या. आणि फॉर्मवर "आधी मेनिंजिओमा" हे ठळक लिहायला लावा. आमच्याकडे ते राहिलं, पॅथॉलॉजीवाल्यांच्या डोक्यातच आलं नाही, पंधरा दिवस वाया गेले. त्याच तुकड्यावर टीबीचीही तपासणी सांगा. तोवर टीबीच्या गोळ्या अंदाजाने सुरू करायच्या का, ते छातीच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

डोटाटेट पेट म्हणून एक स्कॅन असतो, मेनिंजिओमाच्या पेशी त्यात उठून दिसतात. जळगावात आधी चौकशी करा, आमचा मुंबईला झाला. दोन्ही ऑपरेशनचे मेणाचे ब्लॉक आणि काचा (काढलेल्या गाठीचे मेणात आणि काचेवर जपून ठेवलेले तुकडे) मागून घ्या. नवा तुकडा जुन्याशी ताडून बघतात, नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही. आणि घाबरून रातोरात गाडी पकडू नका. मावशीच्या गाठी फार हळू वाढल्या, तपासणीला वेळ मिळाला. धाप लागली किंवा खोकल्यातून रक्त आलं तर मात्र थांबू नका.

धागाकर्ता:

खूप आभार दादा. २०२२ चे ब्लॉक मिळतील, फाईलमध्ये पावती आहे. २०१७ चा दवाखाना मात्र आता दुसऱ्या इमारतीत गेलाय, फोनवर "जुनं रेकॉर्ड बघावं लागेल" एवढंच म्हणतात. ब्लॉक मिळवायला अर्ज आईच्या सहीचा लागतो, की माझ्या सहीवर देतात? तिची सही घ्यायची म्हणजे तिला सगळं सांगावंच लागेल.