‘महाना नो आतुआ’ : स्मरणचित्र की बनाव?

मूळ लेखिका : फ्रेंच चित्रकार पॉल गोगँचे ‘महाना नो आतुआ’ (‘देवाचा दिवस’) हे चित्र म्हणजे ताहिती या प्रशांत महासागरातील बेटाचे ‘अस्सल दर्शन’, असे काल येथे कोणी लिहिले, ते वाचून गप्प राहवले नाही. हे चित्र १८९४ सालचे, म्हणजे तो फ्रान्सला परतल्यानंतरचे आहे. चित्राच्या मधोमध जी देवमूर्ती उभी आहे, तिची पूजा तो १८९१ साली ताहितीला पोहोचला तेव्हा तेथे उरलीच नव्हती. १७९७ पासून आलेल्या मिशनऱ्यांनी जुना धर्म केव्हाच मोडीत काढला होता. बायका पायघोळ झगे घालत होत्या. मग दर्शन कशाचे?

वाचक १ : शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये या चित्रासमोर मी बराच वेळ उभा होतो. मूर्तीवर आपण इतके लिहिलेत, पण खालच्या तळ्याबद्दल अवाक्षर नाही. नारिंगी, निळे, पिवळे आकार तेथे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि काठाचे प्रतिबिंब कोठेही नाही. निसर्गाची फार नक्कल करू नकोस, असे गोगँने १८८८ सालीच एका मित्राला पत्रातून बजावले होते. त्याच्याकडे पुरावा मागणेच चूक आहे.

वाचक २ : इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेसाठी आठवणीतून काढायच्या स्मरणचित्रात मी आमच्या गावचा ओढा गुलाबी रंगवला होता, कारण संध्याकाळी तो मला तसाच दिसे. सरावाच्या वेळी शिक्षकांनी तो कागद वर्गासमोर फाडला. तीस वर्षे झाली, तरी पाणी निळेच हवे असे कोणी म्हटले की मला संताप येतो.

वाचक ३ : मी स्वतः चित्रकला शिकवते. कागद फाडणे अक्षम्यच आहे, परंतु प्रत्येक वेळी शिक्षकांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. आधी पाहायला शिकल्याशिवाय आठवणीतून काय उतरणार?

वाचक २ : मी ओढा रोज पाहत होतो, बाई. पाहिले नव्हते ते शिक्षकांनी.

मूळ लेखिका : पाणी निळेच हवे, असे मी कोठेही म्हटलेले नाही. तळ्याचे म्हणणे मान्य करते, आणि ते तळेच चित्रातला सर्वांत प्रामाणिक भाग आहे, हेही नाइलाजाने लिहिते. मात्र तुमचा ओढा तुमच्या गावचा होता. गोगँने फ्रेंच वसाहतीतील लोकांचा देव आपल्या कल्पनेने उभा केला, आणि त्याच बेटावर, त्याच्याच लेखनानुसार, सुमारे १३ वर्षांच्या तेहामानाला बायको म्हणून घरात ठेवले. तिचे स्मरणचित्र आपल्याला कधीच पाहायला मिळणार नाही.