विली ब्राउनसारखा आमदार पुन्हा होऊ नये म्हणून कॅलिफोर्नियाने आमदारकीला वर्षांची मुदत घातली, हे बरोबर ठरवलं का?

अडकित्ता:
माझ्या मते बरोबर. ब्राउन १९६४ ला सॅन फ्रान्सिस्कोतून निवडून आले, १९९५ पर्यंत आमदार राहिले आणि शेवटची जवळजवळ १५ वर्षं विधानसभेचे स्पीकर. तिथला स्पीकर उघडउघड पक्षाचा पुढारी असतो. (आपल्याकडचा अध्यक्ष किती तटस्थ, तो वेगळा धागा.) समितीवर कोण, कोणाला किती कर्मचारी, कोणती खोली, सगळं त्याच्या हातात. वर निवडणूक निधी जमवून आमदारांना वाटायचा. १९८७ चा नॅपकिन सौदा बघा. राजधानी सॅक्रामेंटोच्या फ्रँक फॅट्स या रेस्टॉरंटमध्ये वकील, डॉक्टर आणि विमा कंपन्यांची माणसं बसली, भरपाईच्या दाव्यांबद्दलची तडजोड कापडी नॅपकिनवर उतरली आणि अधिवेशन संपता संपता तिचा कायदा झाला. त्यात तंबाखू कंपन्यांनाही संरक्षण मिळालं, ते काढायला १९९७ उजाडलं. लोकांनी १९९० ला थेट मतदानाने प्रस्ताव १४० मंजूर केला तो उगाच नाही: विधानसभेत ६ वर्षं, सिनेटमध्ये (वरच्या सभागृहात) ८, मग कायमचं घरी.

घटिकापात्र:
साफ असहमत. त्याच प्रस्तावाने विधिमंडळाचा खर्चही सुमारे ३८ टक्के कापला. विधेयकाची कलमं सोलून दाखवणारे मुरलेले कर्मचारी त्यात गेले. त्यानंतर नवा आमदार पहिलं वर्ष कामकाज शिकण्यात घालवायचा आणि शेवटची दोन पुढची जागा शोधण्यात. मधल्या काळात मसुदा पुरवायचा लॉबीवाला, म्हणजे कंपन्यांच्या वतीने आमदारांना वळवणारा. त्याला मुदत नसते. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणारं ब्राउन यांचं विधेयक अनेकदा पडून १९७५ ला पास झालं. तेही सिनेटमध्ये २०-२० झाल्यावर, लेफ्टनंट गव्हर्नर डायमली यांना डेन्व्हरहून बोलावून त्यांच्या मताने (बरोबरी झाली की निर्णायक मत त्यांचं). असा चिवटपणा ६ वर्षांत कुठून आणणार? ब्राउन गेल्यावर पाच वर्षांत सहा स्पीकर झाले, हेही लक्षात घ्या.

कोकमसार:
सहाचा आकडा बरोबर, खापर चुकीच्या डोक्यावर. १९९४ ला विधानसभेत रिपब्लिकन ४१, ब्राउन यांचे डेमोक्रॅट ३९. पॉल हॉर्चर रिपब्लिकन पक्ष सोडून अपक्ष झाले, ब्राउनना मत दिलं, ४०-४०. मग रिपब्लिकन आमदार माउंटजॉय सिनेटवरही निवडून आलेत या मुद्द्यावर त्यांना विधानसभेतून काढलं आणि ब्राउन ४०-३९ ने जिंकले. पुढे डोरिस अ‍ॅलन आणि सेटेन्सिच हे रिपब्लिकन स्पीकर डेमोक्रॅटांच्याच मतांवर बसले. हा बुद्धिबळाचा डाव, मुदतीचा त्याच्याशी संबंध नाही. पक्षांतरबंदी तिथे नाही, मतदारांच्या हाती रिकॉल असतो, म्हणजे मुदतीआधीच मतदानाने आमदाराला हटवणं. हॉर्चर आणि अ‍ॅलन, दोघांनाही १९९५ मध्येच मतदारांनी परत बोलावलं.

घटिकापात्र:
पहिल्या दोघांपुरतं मान्य. पण त्या सहांपैकी व्हियारायगोसा मुदतीनेच गेले. लोकांनाही चूक कळली, म्हणून २०१२ चा प्रस्ताव २८: एकूण १२ वर्षं, हवं तर एकाच सभागृहात. त्याचा परिणाम बघा, अँथनी रेंडन २०१६ ते २०२३ स्पीकर टिकले. मिशिगननेही २०२२ ला असाच बदल केला. (तिथेच बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२१ ला आमदार झाले आणि २०२३ ला अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, पोचले. ते मुदतीची वाट बघत बसले नाहीत.)

अडकित्ता:
१२ ला माझी हरकत नाही, ३१ ला आहे. रेंडनना सात वर्षं मिळाली आणि नंतर खुर्ची सोडावी लागली. मी तेवढंच मागत होतो.