क्रँकला चक्की म्हणावं का?

कोशकिडा : बर्मिंगहॅमच्या तुरुंगात १८५३ साली उघडकीला आलेल्या छळाबद्दल लिहितोय. तिथे 'क्रँक' होता : कोठडीत एक पेटी, तिला दांडा, वर फेरे मोजणारा आकडा. दिवसाला १०,००० फेरे, पोरांनाही. 'चक्की' लिहू का?

सातारकर : लिहा की. 'चक्की पिसायला गेला' म्हटलं की तुरुंग कळतो. नाहीतर कोलू.

उंबरठा : दोन्ही नकोत. चक्कीतून पीठ पडतं, कोलूतून तेल. अंदमानातला कोलू जीवघेणा होता, पण तिथे तेल मोजून घेत. क्रँकमधून काहीच पडत नाही, मोजायचे ते नुसते फेरे! न्याहारीआधी २,०००, दुपारच्या जेवणाआधी ४,०००, रात्रीच्या आधी आणखी ४,०००. क्रँकच ठेवा आणि एकदा समजावून सांगा. आपल्या 'सक्तमजुरी'त निदान 'मजुरी' तरी आहे. इथे दाम नाही आणि कामही नाही.

कोशकिडा : पटलं. आता शिक्षा, जाच की छळ? एडवर्ड अँड्र्यूज, वय १५. चार पौंड गोमांस चोरलं म्हणून तीन महिने. फेरे भरले नाहीत की नुसता पाव आणि पाणी. शिवाय जाकिटात हात जखडून, गळ्यात ताठ चामडी पट्टा घालून भिंतीला बांधून उभा करायचे. एप्रिलात त्यानं कोठडीतच गळफास घेतला.

उंबरठा : क्रँक हा जाच. सासरचा जाच असतो ना, रोजचा, नियमाच्या आड लपलेला, तसा. जाकीट-पट्ट्याला मात्र कायद्याचा आधारच नव्हता. तो छळ.

सातारकर : आणि 'तपास' की 'चौकशी'?

उंबरठा : चौकशी. तपास गुन्हेगार हुडकायला करतात. इथे तो खुर्चीवरच बसलेला. शाही आयोगानं चौकशी केली, १८५४ साली अहवाल आला. हो, 'गव्हर्नर ऑस्टिन' लिहू नका, वाचकाला राजभवन आठवेल. 'तुरुंगाधिकारी' बरं.

कोशकिडा : त्याच्यावर पुढे खटला झाला. १८५५ साली शिक्षा : तीन महिने कैद.

सातारकर : पोराला होती तेवढीच?

कोशकिडा : तेवढीच. दोन्ही ठिकाणी 'तीन महिने' एवढंच लिहितो, शेरा मारत नाही.