पुढच्या ब्रेक डिस्क: लेथ मारू की नव्या घेऊ? आणि पॅड कोणते?

निळी_हॅचबॅक

पेट्रोल हॅचबॅक, ८१,००० किमी झालेत. ९०-१०० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. ब्रेक न लावता त्याच वेगाला गाडी एकदम शांत. चाकं काढून मापं घेतली: पुढच्या डिस्क २५६ मिमी व्यासाच्या, मधून हवा खेळणाऱ्या. नवी जाडी २२ मिमी, डिस्कवर कोरलेली किमान जाडी २० मिमी. व्हर्नियरवर डावी २०.७ आणि उजवी २०.८ भरली. पॅडचं मटेरियल डावीकडे बाहेरच्या पॅडवर ६ मिमी, आतल्यावर ३ मिमी. उजवीकडे दोन्ही ५ च्या आसपास.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, डिस्क बेंड झाल्यात, लेथवर मारून (मशीनवर वरचा थर खरवडून सपाट करून) घ्या आणि पॅड नवे टाका. दुकानात मात्र साध्या, कोटिंगच्या, भोकांच्या आणि खाचांच्या अशा चार तऱ्हा दाखवतात. पॅडमध्ये सिरॅमिक की सेमी-मेटॅलिक हा वेगळाच घोळ. वापर रोज शहरात, अधूनमधून भरल्या गाडीने घाट. मागेही डिस्कच आहेत. काय घ्यावं?

---

डायलगेज

आधी मापाचं बघू. व्हर्नियरने घेतलेलं माप बहुतेक वेळा जास्त दाखवतं, कारण पॅड जिथपर्यंत पोचत नाही तिथे डिस्कच्या काठाला न झिजलेली कड उरते आणि व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकतात. मायक्रोमीटर घ्या आणि काठापासून १०-१५ मिमी आत, गोल फिरत आठ ठिकाणी मोजा. मायक्रोमीटर नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून व्हर्नियर लावा आणि नाण्यांची जाडी वजा करा. तुमचं २०.७ प्रत्यक्षात २०.३ निघालं तरी आश्चर्य नाही.

समजा खरोखर २०.७ आहे. तरी लेथ नको. दर बाजूने ०.३ काढले तर उरतात २०.१. किमान जाडी म्हणजे त्याखाली वापरायचीच नाही अशी मर्यादा. काम संपल्यावर तेवढी उरली तर चालेल असा त्याचा अर्थ नाही. नवे पॅड झिजेपर्यंत डिस्कही झिजणार आहे. डिस्क पातळ झाली की उष्णता साठवायला लोखंड कमी उरतं आणि घाटात नेमकं तेच अंगाशी येतं. नव्या घ्या, आणि जोडीनेच.

"बेंड" या निदानाबद्दल थोडं. साध्या वापरात डिस्क उष्णतेने वाकणं फार क्वचित होतं. होतं ते असं: डिस्क हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर, किंचित तिरकी बसते. ब्रेक न लावता गाडी चालते तेव्हाही दर फेऱ्याला तिची एकच जागा पॅडला चाटून जाते. काही हजार किलोमीटरांत ती जागा पातळ होते. मग ब्रेक लावला की जाड-पातळ भाग पॅडमधून जाताना दाब कमीजास्त होतो आणि ती थरथर स्टिअरिंगमध्ये येते. जाडीत ०.०२ मिमीच्या आसपास फरक पडला तरी हाताला जाणवू शकतं. म्हणूनच नव्या डिस्क सुरुवातीला झकास चालतात, पाच-सात हजारांनंतर तक्रार परत येते आणि दोष मात्र डिस्कच्या कंपनीवर जातो.

त्यामुळे डिस्क कोणती घेता त्यापेक्षा हब किती स्वच्छ करता याला मी जास्त गुण देईन. हबच्या काठाशी ०.०५ मिमीचा गंजाचा पापुद्रा राहिला, तर २५६ च्या डिस्कच्या काठाशी तो जवळजवळ दुप्पट होऊन दिसतो. हबचा सपाट चेहरा, मधला गोल उंचवटा आणि प्रत्येक बोल्टच्या भोवतालची जागा वायर ब्रशने आणि बारीक एमरी पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. हबला ग्रीस फासू नका, तोही एक थरच.

डिस्क चढवली की सगळे चाकाचे नट वॉशर लावून आवळा आणि काठापासून १० मिमी आत डायल गेज (डिस्क फिरताना किती डुलते ते दाखवणारं काट्याचं मापक) लावून हळू फिरवा. ०.०५ च्या आत आलं तर उत्तम. ०.१ च्या वर गेलं तर डिस्क काढा, एक भोक पुढे सरकवून परत बसवा, पुन्हा मोजा. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं. काही गाड्यांत डिस्क धरणारा छोटा स्क्रू असतो, तिथे ही मुभा नाही. सगळ्या स्थितींत जास्तच येत असेल तर हब किंवा बेअरिंग तपासा.

चाक बसवताना न्यूमॅटिक गन चालवू देऊ नका. एक नट जास्त, एक कमी आवळला की डिस्क पुन्हा तिरकी. समोरासमोरचे नट आलटून पालटून, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

---

पाना_सतरा

डावीकडे आतला ३, बाहेरचा ६, हे कसं सुटलं सगळ्यांच्या नजरेतून? इथे नव्या पॅडआधी कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, बघायचा असतो. या प्रकारात पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि कॅलिपर स्लाइड पिनवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून आणतो. पिन अडकल्या की आतला पॅड एकटाच राबतो. जुने पॅड काढल्यावर कॅलिपर हाताने पुढेमागे सरकवून बघा, दोन बोटांनी सरकायला हवा.

पिन काढून पुसा. गंजाचे खड्डे पडले असतील तर नव्या टाका. रबरी बूट फाटले असतील तर तेही. ग्रीस ब्रेकसाठीचंच, सिलिकॉनवालं. साध्या पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा जाम. दोन्ही पिन बऱ्याचदा एकसारख्या नसतात, एकीला रबराची बाही असते. अदलाबदल करू नका.

ब्रॅकेटवरच्या स्टीलच्या पट्ट्या उचकटून खालचा गंज खरवडा. तो गंज पट्टीला वर उचलतो, पॅडचे कान आवळले जातात आणि पॅड मागे येत नाही. नवा पॅड बोटाने सहज सरकला पाहिजे, हातोडीने नाही.

पिन मोकळ्या निघाल्या तर पिस्टन बघा. तो मागे ढकलताना अडत असेल आणि ब्लीड निपल (कॅलिपरमधून ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) सैल केल्यावर लगेच गेला, तर होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, आतून सुजून बंद झाली आहे. निपल सैल करूनही अडला तर पिस्टनच गंजला आहे.

---

शांत_ब्रेक

डिस्क आणि कॅलिपरचं वर आलंच आहे, म्हणून पॅडवर लिहितो.

दुकानदाराला फक्त गाडीचं नाव सांगून पॅड मागू नका. एकाच मॉडेलमध्ये इंजिन आणि वर्षानुसार दोन-तीन मापांच्या डिस्क आणि दोन कंपन्यांचे कॅलिपर असतात. पॅडचा आकार कॅलिपरवर ठरतो. चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि जुना पॅड सोबत न्या. डिस्कसाठी व्यास, जाडी, एकूण उंची, मधलं भोक आणि बोल्टची संख्या ही पाचही मापं जुळली पाहिजेत. उंचीत दोन मिमी फरक असला तरी डिस्क चढते, पण पॅड मधोमध येत नाही.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेला लांबलचक कोड असतो, त्याच्या शेवटी दोन अक्षरं. पहिलं साध्या तापमानाचं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. तुमच्या वापराला एफ एफ किंवा त्याच्या जवळपासचं ठीक. एफ ई लिहिलेला पॅड तापल्यावर ढिला पडणार हे छापूनच सांगतोय, घाटासाठी तो नको. आवाज आणि झीज याबद्दल मात्र ही अक्षरं काहीच सांगत नाहीत. खोक्यावर आर ९० (बदली ब्रेक पॅडसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम) ची मान्यता असेल तर निवड बरीच सोपी होते, कारण त्या नियमानुसार पॅडचं घर्षण मूळ पॅडच्या अधिक-उणे १५ टक्क्यांत असावं लागतं.

सिरॅमिक पॅड शांत असतात, रिमवर काळी भुकटी कमी पडते, डिस्क कमी खातात. सेमी-मेटॅलिक उष्णता जास्त झेलतात, पण डिस्क लवकर झिजवतात आणि थंडीत किरकिरतात. भरल्या गाडीने घाट अधूनमधूनच असेल तर मूळ दर्जाचा लो-मेटॅलिक (धातूचं प्रमाण कमी असलेला) पॅड मला सगळ्यात समतोल वाटतो. सिरॅमिक घ्यायचा तर नावाजलेल्या कंपनीचाच. स्वस्तातल्या खोक्यावरचा "सिरॅमिक" शब्द बऱ्याचदा नुसता रंग असतो.

भोकांच्या डिस्क शहराच्या गाडीला नकोत. भोकांच्या कडेपासून बारीक तडे सुरू होतात आणि रोजच्या वापरात हातात काही येत नाही. खाचांच्या डिस्क आवाज करतात, पॅड घासतात. साधी, शक्यतो हाय-कार्बन, आणि मधल्या भागाला राखाडी झिंक कोटिंग असलेली घ्या. कोटिंगमुळे हबवर गंज कमी धरतो, पुढच्या वेळी डिस्क हातोडी न मारता निघते.

---

निळी_हॅचबॅक

मायक्रोमीटर मिळाला. डावी सगळ्यात पातळ जागी २०.२८, सगळ्यात जाड जागी २०.३१. डावीकडची खालची पिन हलतच नाही. म्हणजे डिस्क, पॅड, पिन, बूट सगळंच. कोटिंगची डिस्क ब्रेक क्लीनरने पुसायची का? आणि मागचे पॅडही आत्ताच करून टाकू का? मागचा पार्किंग ब्रेक बटणाचा आहे.

---

डायलगेज

०.०३ चा फरक, थरथर कुठून येते ते मिळालं. कोटिंग कोरडं असेल तर पुसायची गरज नाही. पॅडखालचं कोटिंग पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातं. तेलाचा थर असलेली साधी डिस्क मात्र दोन्ही बाजूंनी क्लीनरने धुवा, नाहीतर ते तेल नव्या पॅडमध्ये मुरेल.

मागचे पॅड ४ मिमीच्या वर असतील तर राहू द्या. करायचेच असतील तर आधी स्कॅनरने किंवा मॅन्युअलमधल्या पद्धतीने पार्किंग ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये टाका. तसं न करता क्लॅम्प लावून पिस्टन दाबला तर मोटरमागचे गिअर तुटतात आणि अख्खा कॅलिपर बदलावा लागतो.

---

पाना_सतरा

पिस्टन ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या डब्याची पातळी बघा, काठोकाठ असेल तर थोडं काढा. सांडलं तर रंग खातं. दोन वर्षं झाली असतील तर याच वेळी बदला. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी शोषलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं आणि घाटात पेडल तळाला जातं. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. सगळं झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

---

शांत_ब्रेक

नंतर नवे पॅड डिस्कला नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मधे अर्धा-एक मिनिट गाडी चालती ठेवून. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. तापलेला पॅड त्या जागी आपला ठसा सोडतो आणि थरथर पुन्हा तिथूनच सुरू होते. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. पहिले दोन-तीनशे किमी भरल्या गाडीने घाट टाळा.