जुन्या गाडीत फोन आणि जुना म्युझिक प्लेअर, दोन्ही वाजवायचे आहेत

नदीकाठ

नमस्कार. गाडी २००६ सालची, छोटी हॅचबॅक. कंपनीने बसवलेला रेडिओ-सीडी अजून ठणठणीत आहे, पण त्याला ऑक्स (बाहेरच्या प्लेअरची पिन लावायचं सॉकेट) नाही, यूएसबी नाही आणि ब्लूटूथचा तर प्रश्नच नाही.

आईला आठवड्यातून दोनदा उपचारांसाठी न्यावं लागतं. जाऊन-येऊन दोन तास गाडीत जातात आणि त्या दोन तासांत तिला बाबांची गाणी ऐकायची असतात. बाबा काही मैफली करणारे गायक नव्हते. संध्याकाळी पेटी घेऊन बसायचे आणि मी शाळेत असल्यापासून घरच्या टेपरेकॉर्डरवर त्यांचं गाणं टेप करायचे. पुढे त्या अकरा कॅसेटी मी संगणकावर उतरवल्या आणि एका छोट्या म्युझिक प्लेअरमध्ये भरून दिल्या. बाबा गेल्यापासून तो प्लेअर आईच्या पर्समध्येच असतो. त्याची बटणं तिच्या बोटांना पाठ आहेत, न बघता हवं ते गाणं लावते. म्हणून "सगळं फोनमध्ये टाका" असं कृपया सुचवू नका. फोन मला रस्ता बघायला आणि फोन घ्यायला लागतो, तोही गाडीच्या स्पीकरवर यायला हवा.

सध्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर वापरते. प्लेअरची पिन त्यात लावायची आणि रेडिओवर ठरावीक स्टेशन लावायचं. शहराबाहेर बरं चालतं. शहरात शिरलं की खरखर सुरू होते, मध्येच दुसऱ्याच कुणाचं बोलणं घुसतं. बाबांनी हळू आवाजात घेतलेले आलाप त्या खरखरीत पार बुडतात. मागच्या आठवड्यात आईने स्वतःच प्लेअर बंद केला आणि खिडकीबाहेर बघत बसली. ते मला फार लागलं.

जुना रेडिओ ठेवून काही करता येईल का? की नवीन डेकच (डॅशबोर्डमधला रेडिओ-प्लेअर) घ्यावा? घ्यायचा तर काय बघून घ्यावा? हत्यारं हातात धरायला मी घाबरत नाही, पण गाडीच्या वायरिंगला आजवर हात लावलेला नाही.

तारवाला

ताई, ट्रान्समीटर दुसरा आणून फरक पडणार नाही. तो एक चिमुकलं रेडिओ स्टेशनच आहे आणि त्याची ताकद मुद्दामच अगदी कमी ठेवलेली असते. ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात शहरात मोकळी जागा सापडणं कठीण, आणि सापडली तरी चार चौक पुढे तिथे दुसरं स्टेशन येतं. शिवाय एफएमवर १५ किलोहर्ट्‌झच्या वरचा आवाज येतच नाही. कॅसेटची मूळची सूं आधीच आहे, त्यात ही खरखर मिसळली की हळू आवाज गेलाच म्हणायचा.

तारेनेच आवाज आत न्या. त्याला दोन वाटा आहेत. जुन्या रेडिओच्या पाठीमागे सीडी चेंजरसाठी (अनेक सीडी ठेवून बदलणारा वेगळा डबा) सॉकेट असेल तर त्यात बसणारा ऑक्स अडॅप्टर मिळतो. तो रेडिओला भासवतो की चेंजर जोडलेला आहे, आणि मग प्लेअरचा आवाज त्या वाटेने आत जातो. डॅशबोर्डचं रूप बदलत नाही. पण फोनसाठी ब्लूटूथ वेगळं लावावं लागेल, म्हणजे दोन डबे आणि तारांचा गुंता. तुमच्या गरजेला मी दुसरी वाट धरेन: नवा डेक, ज्यात पुढच्या बाजूला ३.५ मिलिमीटरचं ऑक्स आणि आत ब्लूटूथ असेल.

विकत घेण्याआधी पट्टी घेऊन खाचा मोजा. १८० बाय ५० मिलिमीटर असेल तर सिंगल डिन, १८० बाय १०० असेल तर डबल डिन. दर्शनी पट्टी गोलाईदार आणि रेडिओ तिच्यातच घडवलेला असेल तर त्या गाडीसाठीची वेगळी चौकट घ्यावी लागते. खोक्यावर '५० वॉट × ४' दिसलं म्हणून भुलू नका. डेकला साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, स्पीकर ४ ओहमचे. एवढ्यात आतल्या साध्या अॅम्प्लिफायरमधून चॅनेलमागे पंचवीसेक वॉटच्या वर स्वच्छ आवाज निघूच शकत नाही, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. दोन माणसांना गाणं ऐकायला तेवढा भरपूर झाला.

शांतरस्ता

माझा मुद्दा जरा वेगळा आहे. आईंना प्लेअर हवाय ते पटतं. पण त्या अकरा कॅसेटींचं सगळं त्या एका प्लेअरमध्येच आहे का? असल्या प्लेअरची बॅटरी फुगते, मेमरी एक दिवस अचानक वाचता येत नाही. आज रात्रीच दोन ठिकाणी प्रती करा, डेकचं नंतर बघा. माझ्याकडे आजीच्या आवाजातल्या गोष्टी होत्या. एकाच फोनमध्ये होत्या.

प्रत पेनड्राइव्हवर केलीत तर ती फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट करा. गाडीतले बरेच डेक एक्सफॅट किंवा एनटीएफएस वाचत नाहीत, नुसतं 'नो डिव्हाइस' दाखवतात. ती पेनड्राइव्ह कायमची डेकला लावून ठेवा. प्लेअर घरी विसरला तरी गाणी गाडीत असतील.

एकतारा

वायरिंगला हात लावण्याआधी थोडं.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढण्यापूर्वी जुन्या रेडिओचा कोड सापडतो का बघा. बरेच कंपनी-रेडिओ वीज गेल्यावर कोड मागतात, आणि पुन्हा तो लावायची वेळ आली तर अडकाल.

गाडीच्या तारा कापू नका. त्या गाडीचं सॉकेट एका टोकाला आणि नव्या डेकचं दुसऱ्या टोकाला असलेला हार्नेस, म्हणजे तयार तारांचा जुडगा, मिळतो. नव्या डेकच्या तारांचे रंग बहुतेक ठरलेले असतात: पिवळी म्हणजे कायमचे १२ व्होल्ट, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारे, काळी म्हणजे अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारी. पांढरी पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळी पट्टी असली की ती त्या स्पीकरची निगेटिव्ह. पण हे रंग डेकच्या बाजूचे. गाडीच्या बाजूच्या रंगांवर विसंबू नका, मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून बघा. काही युरोपीय गाड्यांत कायमची आणि किल्लीची तार यांच्या जागा अदलाबदल असतात, मग दर वेळी गाडी बंद केली की स्टेशनं आणि घड्याळ पुसलं जातं.

आणि स्पीकरच्या निगेटिव्ह तारा गाडीच्या बॉडीला कधीही जोडायच्या नाहीत. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर अॅम्प्लिफायर काम करत असतो. त्यातली एक अर्थला टेकली तर तो जळू शकतो.

ब्लूटूथचा माइक पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर लावणार असाल तर तिथे एअरबॅग आहे का हे आधी पाहा. असेल तर तिच्यावरून तार नेऊ नका, स्टिअरिंगच्या मागे लावा. आवाज पुरेसा जातो.

नदीकाठ

तिघांचेही मनापासून आभार. शांतरस्ता, तुमचं वाचलं आणि त्याच रात्री दोन प्रती केल्या. एक बहिणीकडे आहे.

खाच डबल डिन निघाली. साधा, ऑक्स, यूएसबी आणि ब्लूटूथ असलेला डेक घेतला. पडद्यावर नकाशा दिसणारा घेतला नाही, मला बटणं हवी होती. आवाजासाठी गोल फिरणारा खटका आहे, तोही आईसाठीच.

रविवारी सकाळी बसले. दर्शनी पट्टीला प्लास्टिकच्या चिमट्या होत्या. घाई न करता, खालून सुरुवात करून एकेक उचलली. जुना रेडिओ बाहेर ओढताना त्याच्या डोक्यावर अठरा वर्षांची धूळ होती, आणि मागच्या कोपऱ्यात बाबांच्या हातची एक चिठ्ठी चिकटवलेली. त्यांच्या बारीक अक्षरात रेडिओचा चार आकडी कोड आणि तारीख. इतकी वर्षं कोड कुठे आहे ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी खाली पायरीवर बसून तो कागद बराच वेळ बघत राहिले.

हार्नेस जोडताना चिकटपट्टी वापरली नाही. उन्हात तिचा डिंक सुटतो असं वाचलं होतं, म्हणून प्रत्येक सांधा दाबून बसवला आणि वरून उष्णतेने आकसणारी नळी चढवली. पहिल्याच फटक्यात सगळे स्पीकर वाजले. फोन ब्लूटूथवर जोडला गेला, समोरच्याला आवाज स्वच्छ जातो.

अडचण प्लेअरची आहे. ऑक्सला लावला की एक बारीक, शिट्टीसारखा आवाज येतो. गाडी उभी असताना कमी, अॅक्सिलरेटर दिला की चढत जातो. फोनवरून गाणं लावलं तर अजिबात नाही. प्लेअर मी लायटरच्या सॉकेटमधल्या चार्जरवर ठेवलेला असतो, कारण त्याची बॅटरी आता दीड तासावर जात नाही. दुसरं म्हणजे ऑक्सचा आवाज ब्लूटूथपेक्षा खूप खाली आहे. प्लेअर पूर्ण मोठा केला की बाबांचा वरचा सूर फाटतो.

तारवाला

शिट्टीचं कारण चार्जरच. प्लेअरला गाडीची अर्थ दोन वाटांनी मिळते आहे, एक लायटरच्या चार्जरमधून आणि दुसरी ऑक्सच्या तारेतून डेककडे. त्या दोन जागांच्या अर्थमध्ये किंचित फरक असतो, आणि अल्टरनेटरची (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) फडफड त्या चक्रातून आवाजात शिरते. इंजिनाबरोबर चढते ती म्हणूनच. खात्री करायची तर गाणं चालू असताना चार्जरची पिन उपटा. शिट्टी त्याच क्षणी थांबेल. ब्लूटूथला तारच नाही, म्हणून तिथे हा त्रास नाही.

बाजारात ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून लहान डबी मिळते. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ऑक्सच्या तारेत ती मधे लावायची. शिट्टी जाते, पण हलक्या डबीत खर्जही पातळ होतो, कारण तेवढ्याशा गाभ्याला खालचे सूर पेलत नाहीत. पेटी आणि पुरुषाचा आवाज असताना मी ती शेवटचा उपाय म्हणून ठेवेन. आधी प्लेअर लायटरऐवजी डेकच्याच यूएसबीवर चार्ज करून बघा. मग दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येतात.

आवाजाचं म्हणाल तर प्लेअर पूर्ण मोठा करू नका, ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवा. त्याचा हेडफोनचा भाग टोकाला गेला की सूर फाटतो. उरलेला आवाज डेकवर वाढवा. बऱ्याच डेकमध्ये प्रत्येक सोर्सची पातळी वेगळी लावायची सोय असते, तिथे ऑक्स चार-पाच घर वर घ्या.

नदीकाठ

चार्जर उपटला आणि शिट्टी खरंच तिथल्या तिथे थांबली.

डेकच्या यूएसबीवर लावल्यावर मात्र प्लेअरने गाणंच थांबवलं. संगणकाला जोडल्यासारखा 'कनेक्टेड' दाखवून गप्प बसला, आणि डेकही त्याला वाचेना. थोडं शोधल्यावर लक्षात आलं की डेटाच्या तारा नसलेली, फक्त वीज नेणारी केबल लागते. ती लावली तर प्लेअर चार्जही होतो आणि वाजतही राहतो. शिट्टी नाही. पेनड्राइव्ह आता हातमोज्यांच्या कप्प्यात आहे, यूएसबी एकच असल्यामुळे. सोर्सच्या पातळीत ऑक्स पाच घर वर घेतलं, प्लेअर ऐंशीवर.

काल आईला घेऊन गेले. निघाल्यावर तिने पर्समधून प्लेअर काढला आणि न बघता सातव्या कॅसेटचं पहिलं गाणं लावलं. त्याच्या सुरुवातीला, पेटीच्याही आधी, बाबा विचारतात, "चालू झालं का गं?" आणि दुरून माझा बारीक आवाज येतो, "हो बाबा." ट्रान्समीटरवर हे कधी ऐकूच आलं नव्हतं, मी तर विसरूनच गेले होते. आईने ते तीनदा मागे नेऊन ऐकलं.

एकच राहिलंय. रात्री परतताना डेकचा पडदा फार डोळ्यांवर येतो. केशरी तार मी मोकळीच ठेवली होती, पांढऱ्या पट्टीची. ती यासाठीच असते का?

एकतारा

हो, तीच. गाडीच्या सॉकेटमध्ये हेडलाइट लावल्यावर १२ व्होल्ट येणारी आणि बंद केल्यावर शून्यावर जाणारी तार मीटरने शोधा आणि केशरी तार तिला जोडा. डेकच्या सेटिंगमध्ये 'डिमर' ऑटोवर आहे ना तेही बघा. अशी तार गाडीत सापडलीच नाही तर केशरीच्या टोकाला नळी चढवून ते नीट बंद करा आणि डिमरला रात्रीची वेळ लावून द्या.