सीक्वेन्स १ वरच का येतो

भाऊ, फक्त स्कीमा (टेबलांचा सांगाडा) एक्स्पोर्ट करून डेटा वेगळा भरला आणि पहिल्याच नवीन नोंदीला 'डुप्लिकेट की' आली, म्हणता ना? डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर एक्स्पोर्ट बिघडलेला नाही. स्कीमा-ओन्ली डंपमध्ये, म्हणजे नुसत्या सांगाड्याच्या एक्स्पोर्टमध्ये, सीक्वेन्सची (आपोआप पुढचा आयडी देणाऱ्या काउंटरची) सुरुवात, वाढ, कॅश हे सगळं येतं. पण तो सध्या कुठवर पोचला, तो आकडा डेटात धरला जातो. म्हणून नव्या सर्व्हरवर गाडी १ पासून, आणि तो आयडी भरलेल्या डेटात आधीच असतो.

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका संत्रा व्यापाऱ्याचं बिलिंग हलवताना मीही यात फसलो होतो. ऐन मे महिना, कूलर बंद, आणि ऑपरेटर म्हणे, "दोन-चारदा सेव्ह दाबलं की होते जी!" खरंच होतं. इन्सर्ट फसला तरी सीक्वेन्स मागे येत नाही, प्रत्येक वेळी एक पुढे सरकतो. टेबलात मोजके रेकॉर्ड असले तर असा चुकून प्रश्न सुटतोही, म्हणून टेस्टिंगमध्ये सापडत नाही.

डेटा भरून झाल्यावर प्रत्येक टेबलाचा सर्वांत मोठा आयडी काढून सेटव्हॅल फंक्शनने सीक्वेन्सला द्या. रिकाम्या टेबलाला शून्य देऊ नका, किमान मर्यादा सहसा १ असते, एरर येईल. तिथे १ द्या आणि तिसरा पॅरामीटर फॉल्स ठेवा, म्हणजे पहिला नंबर १ च निघेल.

आणि एकच टेबल डंप करत असाल तर आधी 'ओन्ड बाय' (सीक्वेन्स कोणत्या कॉलमचा आहे ते) पाहा. हाताने बनवलेला सीक्वेन्स कॉलमला बांधलेला नसेल तर तो डंपमध्ये येतच नाही.